गॅस मागे फिरू नये म्हणून

पहिले तीन महिने मला कॉम्प्रेसर स्टेशनात, म्हणजे लांबच्या पाइपलाइनीतला गॅस दाबून पुढे ढकलतात तिथे, एकाही व्हॉल्वला हात लावू दिला नाही. गेटवर मोबाईल आणि काडेपेटी जमा करायची, हेल्मेट चढवायचं, पेन्सिल आणि कागद घेऊन आत जायचं आणि लाईन ट्रेस करायची, एवढंच काम. ३६ इंची पाइप जमिनीतून वर येतो तिथून सुरुवात करायची आणि गॅस जसा जाईल तसं त्याच्या बाजूनं चालायचं. वाटेतला प्रत्येक व्हॉल्व, प्रत्येक गेज, प्रत्येक ड्रेन कागदावर उतरवायचा. संध्याकाळी कागद इनचार्ज साहेबांपुढे ठेवायचा. ते नागपूरचे. चष्मा कपाळावर सरकवून नीट बघायचे आणि म्हणायचे, "हा बायपास कुठं गेला बे तुझा? उद्या परत जा."

सांगलीला मेकॅनिकलची पदवी घेऊन मी मध्य प्रदेशाच्या पश्चिम टोकाला येऊन पडलो होतो. आजूबाजूला मका आणि कापूस, मधोमध कुंपण घातलेलं आमचं कॉम्प्रेसर स्टेशन आणि थोड्या अंतरावर कॉलनी. स्टेशन नेमकं कुठलं आणि कुणाचं, ते राहू दे. ट्रेनिंगच्या आधी माझी समजूत अशी होती की पाइपच्या एका टोकाला जोरात दाब दिला की गॅस आपोआप दुसऱ्या टोकाला पोचतो. मध्येच एवढा खटाटोप कशाला?

उत्तर मला वाचून मिळालं नाही, दर तासाला रीडिंग लिहिताना मिळालं. आमच्या मागचं स्टेशन साधारण १३० किलोमीटरवर. तिथून गॅस निघायचा ८४ केजीनं (प्लँटवर दाबाला कुणी किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर म्हणत नाही, नुसतं केजी) आणि आमच्या दारात यायचा तेव्हा ५५-५६ उरलेले असायचे. बाकीचे गेले कुठे? पाइपच्या भिंतीशी घासण्यात. पाण्याचा पाइप असता तर हिशेब सरळ होता, दर किलोमीटरला सारखी घट. गॅसचं तसं नाही. दाब उतरला की गॅस फुगतो. फुगला की तेवढाच माल पुढे न्यायला त्याला जास्त वेगानं पळावं लागतं. वेग वाढला की घर्षण वाढतं, म्हणजे दाब आणखी लवकर उतरतो. पहिल्या पन्नास किलोमीटरपेक्षा शेवटच्या पन्नास किलोमीटरमध्ये जास्त दाब जातो. तसंच पुढे जाऊ दिलं तर थोड्याच अंतरात तो गॅस कुणाच्या कामाचा राहणार नाही. म्हणून तो फार दमायच्या आत त्याला पुन्हा वर चढवायचं. मोठ्या लाईनवर शंभर-दीडशे किलोमीटरला एक स्टेशन लागतं ते यासाठी. एका जागेवरून जोरात ढकलण्यापेक्षा थोडं थोडं, पुन्हा पुन्हा ढकललेलं परवडतं.

आपल्याकडे या उद्योगाची घडी बसली ती हजीरा-विजयपूर-जगदीशपूर लाईनीनं. १९८४ मध्ये गेल ही सरकारी कंपनी स्थापन झाली ती मुख्यतः ही लाईन टाकण्यासाठी. गुजरातमधल्या हजीऱ्यापासून उत्तर प्रदेशापर्यंत सतराशे किलोमीटरच्या वर. तिच्यात सुरुवातीला जो गॅस भरला तो मुख्यतः दक्षिण बसीनचा. बसीन म्हणजे आपली वसई. वसईच्या समुद्रातला गॅस समुद्राखालच्या पाइपातून हजीऱ्याला जातो, तिथे त्यातलं गंधक काढतात आणि मग तो उत्तरेकडे युरियाच्या कारखान्यांत जातो. ट्रेनिंगच्या वर्गात नकाशावर 'बसीन' वाचलं तेव्हा मला उगाचच गावचं माणूस भेटल्यासारखं वाटलं होतं. २००४ पासून दहेजला जहाजानं येणारा कतारचा गॅसही या वाटेला लागला. पाइपला अर्थातच वसई आणि कतार यातला फरक कळत नाही.

तर मे महिन्यातली ती रात्र.

आमच्याकडे तीन मशीन होत्या: ए, बी आणि सी. दोन चालू, एक स्टँडबाय. प्रत्येक मशीन म्हणजे एक गॅस टर्बाइन आणि तिच्या शाफ्टला जोडलेला सेंट्रिफ्युगल कॉम्प्रेसर. टर्बाइनला इंधन लाईनमधलाच गॅस. म्हणजे ज्याला पुढे ढकलायचं त्यातलंच थोडं जाळून बाकीच्याला ढकलायचं. सोय मोठी आहे, विजेवर अवलंबून राहावं लागत नाही. पण मे महिन्यात तिचा खरा स्वभाव कळतो. टर्बाइनची ताकद कागदावर लिहिलेली असते ती १५ अंश सेल्सियसच्या हवेला. ४४ अंशात हवा विरळ होते, मशीनच्या नाकातून आत जाणाऱ्या हवेचं वजनच कमी भरतं, आणि ताकद दिवसाढवळ्या डोळ्यांदेखत उतरते. उन्हाळ्यात दुपारी दोन्ही मशीन जीव तोडून पळत असायच्या. रात्री जरा हुश्श.

सीचा एक सील बदलला होता. संध्याकाळी पाचला परमिट (दुरुस्तीची लेखी परवानगी) बंद झालं, ब्लाइंड (पाइप अडवायला घातलेल्या पोलादी चकत्या) काढले, टेस्ट रन दुसऱ्या दिवशी सकाळी ठरला. रात्री एकच्या सुमाराला आंधी आली. त्या भागातली आंधी म्हणजे हवा नव्हे, उभं शेतच उडत येतं. तेवढ्यावर भागलं असतं, कारण हवेच्या फिल्टरवर बसलेली धूळ उलट्या हवेच्या झटक्यांनी झाडली जाते. पण मागोमाग चार थेंब पाऊस पडला. पाच मिनिटांचा. फिल्टरवरच्या धुळीचा चिखल झाला आणि चिखल झटक्यांनी निघत नाही. एचे फिल्टर आदल्याच आठवड्यात बदललेले होते, तिनं काढलं निभावून. बीच्या फिल्टरवरचा दाबाचा फरक चढत गेला, अलार्म आला, आणि एक चाळीसला बी ट्रिप झाली, म्हणजे आपोआप बंद पडली.

मशीन ट्रिप झाल्याचं आधी पायांना कळतं. कंट्रोल रूमच्या फरशीतली नेहमीची बारीक थरथर अर्धी झाली. मग अलार्मची रांग लागली. मी पहिला अलार्म शोधत होतो (ट्रिपनंतर पन्नास अलार्म येतात, खरा असतो तो पहिला) तोवर मुख्य नियंत्रण कक्षाचा फोन वाजलासुद्धा. डिस्चार्ज, म्हणजे आमच्याकडून पुढे जाणाऱ्या गॅसचा दाब, ८३ वरून घसरायला लागला होता.

इथे एक गोष्ट आधीच सांगायला हवी, नाहीतर वाटेल की पुढची शहरं त्या क्षणी अंधारात गेली. तसं काही होत नाही. पाइप हीच एक टाकी असते. मी एकदा रिकाम्या वेळात हिशेब केला होता: ३६ इंची पाइप, १३० किलोमीटर, सरासरी ७० केजी दाब, म्हणजे दोन स्टेशनांच्या मधे नुसत्या पाइपात साधारण ६० लाख घनमीटर गॅस बसलेला असतो. याला लाईनपॅक म्हणतात. मशीन थांबली तरी पुढची मंडळी काही तास या साठ्यावर काढतात. पण साठा खाल्ला तर तो परत भरावाही लागतो, आणि खतकारखान्याला दाब कमी पडला तर तो बंद करून पुन्हा चालू करायला दिवस जातात. आमच्या गॅसचा एक फाटा पुढे कुठेतरी फिरोजाबादच्या काचेच्या भट्ट्यांनाही जायचा. ताजमहालाच्या परिसरातल्या कारखान्यांनी कोळसा सोडावा असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश १९९६ चा, तेव्हापासून तिथल्या बांगड्या गॅसवर होतात. भट्टी थंड झाली तर आतली काच भट्टीतच गोठते.

साहेबांनी फोन ठेवला. "सी घे."

मी इकडे तिकडे पाहिलं. बोर्ड ऑपरेटर रजेवर होता, त्याच्या खुर्चीत त्या आठवड्यात मीच होतो, पण 'साहेबांच्या देखरेखीखाली' असं लॉगबुकात लिहून. मशीन मी तोवर चार वेळा चालू होताना पाहिली होती. चालू केली होती शून्य वेळा.

"सर, मी?"

"मंग कोण? मी बसून आहो ना इथं. कायले घाबरतं?"

बाहेर फील्डमध्ये उस्ताद होते. त्यांचं खरं नाव फक्त हजेरीपटावर. बावीस वर्षांची नोकरी, स्टेशन बांधलं जात होतं तेव्हापासूनचे. वॉकीटॉकीवर त्यांचा आवाज आला, "साहब, सी पे खड़ा हूँ. बोलो."

आता क्रम. हा मला झोपेतही म्हणता येत होता, तरी मी कागद समोर धरला. आधी सीलजवळची बफर एअर (तेलाला सीलपासून लांब ठेवणारी हवा), मग बेअरिंगांचं ल्यूब ऑइल, मग सील गॅस. या क्रमाला कारण आहे. कॉम्प्रेसरचा शाफ्ट केसिंगमधून, म्हणजे त्याच्या पोलादी कवचातून, बाहेर येतो तिथे गॅस अडवायला ड्राय गॅस सील असतो: दोन गुळगुळीत चकत्या, एक फिरणारी, एक स्थिर, आणि मधे काही मायक्रॉनची गॅसचीच पातळ फिल्म. या चकत्या एकमेकींना न शिवता फिरतात. तिथे तेलाचा थेंब गेला, धूळ गेली, तर हजारो फेऱ्यांवर त्या काय करतील हे नुकतंच आम्ही सील उघडून पाहिलं होतं. पाइपात काळी पूड असते, लोखंडाच्या गंजाची आणि लोखंड-गंधकाच्या संयुगांची, बोटावर घेतली तर काजळीसारखी पसरते. ती स्क्रबर (गॅसमधला कचरा आणि थेंब वेगळे करणारं भांडं) आणि फिल्टरमध्ये अडवतात तरी थोडी पुढे येतेच. म्हणून सीलला जाणारा गॅस पुन्हा वेगळा, बारीक फिल्टरमधून गाळलेला.

मग पर्ज. दुरुस्तीनंतर केसिंगमध्ये नायट्रोजन होता, थोडी हवाही असू शकते असं धरूनच चालायचं. मिथेन, म्हणजे आमच्या गॅसचा मुख्य भाग, हवेत ५ ते १५ टक्के असला तरच पेटतो. त्याखाली नाही आणि त्यावरही नाही. त्यामुळे केसिंगमध्ये तो शंभर टक्के असला तर चिंता नाही, भीती असते ती मधल्या प्रवासाची. छोटा लोडिंग व्हॉल्व उघडून गॅस आत सोडायचा, व्हेंट (बाहेर आकाशात सोडणारा व्हॉल्व) उघडा ठेवायचा, आतलं सगळं बाहेर घालवायचं. काही मिनिटं व्हेंटची घरघर. मग व्हेंट बंद, केसिंगमधला दाब हळूहळू सक्शन हेडरइतका (गॅस आत येतो त्या बाजूच्या मुख्य पाइपाइतका) चढतो, आणि दोन्ही बाजू जवळपास सारख्या झाल्यावरच सक्शनचा मोठा बॉल व्हॉल्व उघडतो.

ही व्हेंटची घरघर मला तेव्हापासून खटकत आली आहे. मिथेन वातावरणात गेला की वीस वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपट तरी उष्णता अडवतो. आपण स्वच्छ इंधन म्हणून हा गॅस विकतो आणि प्रत्येक सुरुवातीला थोडा आकाशाला देतो. आता थांबलेलं मशीन शक्यतो रिकामं न करता दाबाखालीच ठेवतात, ते चांगलं आहे. पण दुरुस्ती झाली की पर्ज हा आहेच.

"सक्शन खुल गया. डिस्चार्ज भी," उस्ताद.

स्टार्ट दाबलं. स्टार्टर मोटरनं गॅस जनरेटर, म्हणजे टर्बाइनचा इंधन जाळणारा पुढचा भाग, फिरवायला सुरुवात केली. पेटवायच्या आधी मिनिटभराहून जास्त ती नुसतीच फिरते, चिमणीपर्यंतचा सगळा पोकळ भाग हवेनं धुऊन काढते, जो कुठे गॅस साचला असेल तो निघून जावा म्हणून. बाहेर इंधनाच्या स्किडवर (एका चौकटीत बसवलेल्या पाइप-व्हॉल्वच्या जुळणीवर) उस्ताद हात फिरवत होते. तिथे ५५ केजीचा गॅस वीस-बावीसवर उतरवतात, आणि दर एका केजीला साधारण अर्धा अंश थंडावा येतो. मे महिन्यात, भर आंधीच्या रात्री, त्या पाइपाला दव सुटलेलं असायचं. हीटर आहे म्हणून बरं.

मग इग्निशन. स्क्रीनवर तापमानाचा आकडा क्षणभर जागचा हलत नाही. तेवढ्यात मनात सगळं येऊन जातं. मग ९०, १४०, २३०, आणि सरळ वर. आवाज खालच्या पट्टीतून वर चढत शिट्टीवर जातो. साठ टक्क्यांच्या आसपास स्टार्टर सुटला, मशीन स्वतःच्या पायावर आली.

पुढचा भाग मला अजूनही जादूसारखा वाटतो. गॅस जनरेटर आणि कॉम्प्रेसरला फिरवणारं पॉवर टर्बाइन यांच्या मधे शाफ्टच नसतो. दोन पंखे समोरासमोर ठेवून एक चालू केला की दुसरा नुसत्या वाऱ्यानं फिरायला लागतो, तसं. इथे वारा तेवढा सहा-सातशे अंशांचा. पॉवर टर्बाइन काही क्षण शून्यावर चिकटून राहतं आणि मग सुटतं. "घूमा," उस्ताद म्हणाले, त्यांना ते आमच्या स्क्रीनच्या आधी दिसलं होतं.

पंधरा मिनिटं गरम होऊ दिलं. डिस्चार्ज आता ७६. दुसरा फोन. साहेबांनी घेतला, "चढवून राहिलो ना," म्हणाले आणि ठेवला. आणि मला घाई सुटली.

कॉम्प्रेसर चालू झाला तरी त्याचा गॅस लगेच लाईनीत जात नाही. डिस्चार्जवर चेक व्हॉल्व असतो. लाईनीचा दाब जास्त आणि मशीनचा कमी असेपर्यंत तो बंदच. तोवर मशीननं बाहेर टाकलेला गॅस रिसायकल व्हॉल्वमधून, ज्याला आम्ही अँटी-सर्ज म्हणतो, फिरून पुन्हा तिच्याच तोंडाशी येतो. म्हणजे मशीन स्वतःभोवती गोल गोल धावत असते. आपण एकीकडे वेग वाढवायचा, एकीकडे तो रिसायकल हळूहळू बंद करायचा, की मशीनचा दाब चढतो, लाईनीच्या वर जातो, चेक व्हॉल्व उघडतो आणि गॅस पुढे निघतो.

'एकीकडे वेग, एकीकडे व्हॉल्व' यातलं तारतम्य हेच खरं काम. ऑटोवर ते कंट्रोलर करतो, सावकाश. मी व्हॉल्व मॅन्युअलवर घेतला. पाच टक्के, पाच टक्के, पाच टक्के. वेग मागे राहतोय हे मला आकड्यात दिसत होतं, पण डोळे ७६ वर होते. आता ७५.

आवाज आला तो 'धप्प' असा. मोठ्या सतरंजीवर काठी मारावी तसा, फक्त ती सतरंजी काही टनांची. कंट्रोल रूमची काच थडथडली. व्हायब्रेशनचा अलार्म. वॉकीटॉकीवर उस्ताद एकच शब्द बोलले, "छोड़ो!"

मी सोडायच्या आधीच कंट्रोलरनं माझं मॅन्युअल बाजूला सारून व्हॉल्व उघडला होता. दुसरा धप्प आला नाही.

याला सर्ज म्हणतात. घाटात माल भरलेली बैलगाडी चढताना बैलांचा जोर कमी पडला तर गाडी नुसती थांबत नाही, मागे येते. तसंच. मशीनमधून वाहणारा गॅस फार कमी झाला की पुढचा दाब पेलायची ताकद तिच्यात राहत नाही, आणि पुढे ढकललेला गॅस उलटा तिच्यातूनच मागे येतो. मागे आला की पुढचा दाब उतरतो, मशीनला पुन्हा जोर मिळतो, पुन्हा ढकलते, पुन्हा उलटा. सेकंदा-दोन सेकंदाला एक असा हिसका, आणि दर हिसक्याला अख्खा रोटर (आतला फिरणारा भाग) शाफ्टच्या दिशेनं पुढे-मागे आदळतो. त्याला हलायला जागा असते मिलिमीटरच्या काही दशांशांची. असे दहा-बारा हिसके बसले तर रोटरला पुढे-मागे सरकण्यापासून अडवणारं थ्रस्ट बेअरिंग गेलं आणि संध्याकाळी बसवलेला सीलही गेला. चेक व्हॉल्व म्हणजे गाडीच्या चाकामागं लावलेला दगड, पण तो लाईनीतला गॅस अडवतो. मशीन आणि दगड यांच्या मधे जे अडकलेलं असतं ते मागे येतंच. त्याच्यासाठी अँटी-सर्ज.

हे सगळं मी परीक्षेत लिहून आलो होतो. आलेख काढून, रेषा आखून.

साहेब उठले नाहीत. मला वाटलं ओरडतील. त्यांनी चष्मा पुसला. "ॲक्शियल किती?"

रोटरच्या सरकण्याचा आकडा पाहिला. जागेवर होता. व्हायब्रेशन खाली आलं होतं, २० मायक्रॉनच्या आत.

"ऑटोवर टाक. अन् हात मांडीवर ठेव."

मी खरोखरच हात मांडीवर ठेवले. वेग वाढत गेला. व्हॉल्व ४० टक्के, ३६, ३३. इतक्या सावकाश की जांभई यावी. मशीनचा डिस्चार्ज ७२, ७४, आणि लाईनीच्या ७४ ला शिवून किंचित वर. चेक व्हॉल्व स्क्रीनवर दिसत नाही, फ्लो मीटर दिसतो. तो शून्यावरून उठला. बाहेरून उस्ताद: "गया माल." तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

मशीनमधून निघालेला गॅस ७० अंशांवर असतो. दाबला की तापतोच, सायकलच्या पंपासारखा. तसाच सोडला तर पाइपावरचं गंजरोधक वेष्टण मऊ पडतं, म्हणून कूलरचे पंखे लावून ५० च्या आसपास आणायचा. पंखे चालू केले, तापमान उतरलं, मग मी लॉगबुक ओढलं. बी कशानं ट्रिप झाली ते लिहिलं. सी किती वाजता लोड झाली ते लिहिलं. मधल्या ओळीवर पेन थांबलं.

"ते पण लिही," साहेब म्हणाले. "टायमासकट. कॉम्प्युटरच्या ट्रेंडमध्ये दिसतेच ते."

लिहिलं: ०२:४८, लोडिंग करताना मॅन्युअल चुकीमुळे एक सर्ज, अँटी-सर्ज उघडला, पॅरामीटर नॉर्मल. खाली सही माझी, शेजारी त्यांची.

पहाटे वारा पडला. उस्ताद आत आले तेव्हा त्यांच्या भुवया धुळीनं पांढऱ्या झाल्या होत्या. बीचे फिल्टर काढायला सकाळची पाळी लागणार होती, फिल्टरच्या १०० च्या वर नळकांड्या, एकेक हातानं. ते खुर्चीत बसले, पाण्याची बाटली अर्धी संपवली आणि मला म्हणाले, "आवाज़ सुनी ना? अब नहीं भूलोगे." मग स्वतःच्याच पहिल्या सर्जची गोष्ट सांगायला लागले. त्यांचे पाच झाले होते, पाचवा मोजायला ते थांबले नव्हते.

सहा वाजता पुढच्या स्टेशनाचा रीडिंगसाठी फोन आला. त्यांचं सक्शन रात्री ४९ पर्यंत उतरलं होतं. इथे मशीन लोड होऊन तीन तास झाले होते तरी त्यांच्याकडे फक्त ५०. रिकामी झालेली टाकी आधी भरते, मगच दाब चढतो. सातला ५१. पाळी संपली. गेटवर मोबाईल परत घेतला, बाहेरच्या टपरीवर पोहे आणि जलेबी घेतली, माळव्याकडची पद्धत, वर शेव आणि जिरावण. मागे स्टेशनचा आवाज नेहमीच्या पट्टीत चालू होता. साहेब स्कूटर थांबवून म्हणाले, "माझ्यासाठी पण सांग एक प्लेट," आणि मग, चमचा हातात घेता घेता, "तो बायपास अजून तुझ्या ड्रॉइंगमध्ये नाही आला बरं का."